महाडचे डोंगर आणि मुंबईचे टॉवर

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर उतरून मान वर केली की चहूकडे डोंगर दिसतात. पूर्वेला महाबळेश्वरचे पठार, त्याच्या अलीकडे प्रतापगड, दक्षिणेला कशेडी घाट आणि आतल्या खोऱ्यांत मंगळगड, चंद्रगड यांसारखे आडबाजूचे किल्ले. तिथून महाडकडे निघाले की सावित्री नदी सोबतीला येते. या वाटेवर आभाळ आणि जमीन जिथे भेटतात, ती रेघ कोणा माणसाने काढलेली नाही. ती कोणाच्या मालकीचीही नाही. शेतात लावणी करणाऱ्या बाईला ती जेवढी दिसते, तेवढीच गाडीतून जाणाऱ्या साहेबालाही दिसते.

शहरालाही अशी एक रेघ असते. दूरवरून पाहिले असता इमारतींचे माथे आभाळावर जी नक्षी उमटवतात, ती शहराची क्षितिजरेषा. माणसाचा चेहरा पाहून त्याच्या घरची परिस्थिती थोडीफार कळते, तशी ही रेघ पाहून शहरात कोणाचे चालते ते कळते. गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईची ही रेघ पार बदलून गेली. पन्नास, साठ, सत्तर मजल्यांचे राहण्याचे टॉवर एकामागून एक उभे राहिले.

महाड-पोलादपूरच्या माणसाला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण ज्या घरातले कोणीच मुंबईला गेले नाही, असे घर या दोन तालुक्यांत शोधावे लागेल. हे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत, तिथे आपल्याच आजोबा-पणजोबांनी पाळ्या केल्या. आता तशाच उंच इमारतींत आपलीच नातवंडे राहायला चालली आहेत. म्हणून हा विषय परका नाही.

महाड : पाणी आणि मजले

आधी महाड पाहू. हे शहर मुळात बसके. कौलारू घरे, अरुंद पेठा आणि मध्यभागी चवदार तळे. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे या शहरात जमली आणि त्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या वेळी शहराला पाहण्यासारखी उंची होती ती डोंगरांचीच. आज तळ्याभोवती इमारती उभ्या आहेत. तरी तळ्याच्या काठावर आले की एकदम मोकळे आभाळ मिळते. दाटीवाटीच्या गावात पाण्याची मोकळी जागा हीच आभाळाची खिडकी असते. मार्चमध्ये येथे येणाऱ्या बांधवांनी एकदा या नजरेनेही तळे पाहावे.

महाडजवळच गंधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेण्यांचा हा समूह महामार्गावरूनही दिसतो. उंचावर राहण्याची ही आपल्याकडची फार जुनी रीत. भिक्खूंनी डोंगराच्या पोटात निवास कोरले, पुराच्या पाण्यापासून दूर राहिले, खालचा नदीसंगम नजरेत ठेवला. एवढे केले, पण डोंगराची रेघ मोडली नाही. उंची मिळवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाचा उजेड अडवला नाही.

आजच्या महाडला उंचीची ओढ लागली तीही बरीचशी पाण्यामुळेच. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे हे शहर दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून असते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. ज्या कुटुंबाने दुकानातला माल आणि घरातले धान्य एका रात्रीत चिखलात गेलेले पाहिले, त्याला वरच्या मजल्यावरचे घर हवेसे वाटणारच. तो शौक नव्हे, ती गरज आहे.

पण उंची आपोआप सुरक्षित होत नाही, हा धडाही महाडनेच घेतला. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुरा भागातली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षेही झाली नव्हती. सोळा जणांचा जीव गेला. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा सुमारे एकोणीस तासांनी जिवंत निघाला, तेव्हा जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या इमारतीत सर्व प्रकारची माणसे राहत होती. कर्ज काढून, दागिने मोडून त्यांनी घर घेतले असेल. भिंतीत सिमेंट किती आणि खांबात लोखंड किती हे घर घेणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो रंग आणि गॅलरी.

पाच मजल्यांची ही गत होत असेल, तर सत्तर मजले उभे कसे राहतात? ते पाहण्यासाठी आपल्या माणसांच्या मागोमाग मुंबईला जाऊ.

चिमण्यांची मुंबई

महाड-पोलादपूरचा माणूस मुंबईत आला तो परळ, लालबाग, वरळी, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यात. या भागाला गिरणगाव म्हणत. इथे पन्नासहून अधिक कापडगिरण्या होत्या आणि त्यांच्या चिमण्या हीच मुंबईची क्षितिजरेषा होती. खाली दोन-तीन मजल्यांच्या चाळी, गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि त्यांच्यावर धूर सोडणाऱ्या चिमण्या. भोंगा वाजला की सगळा परिसर जागा होई. नवख्या माणसाला पत्ता सांगायचा तर अमक्या गिरणीच्या चिमणीजवळ, असे सांगितले की पुरे होई.

त्या चिमणीखालीही उच्च-नीच होतेच. गिरणीतल्या साचाखात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. त्याच्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. बाबासाहेब स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले. चिमण्यांचा धूर त्यांनीही रोज पाहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वेळी सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्याच नाहीत. कोणी गावी परतला, कोणी वॉचमन झाला, कोणाच्या बायकोने पोळी-भाजीचे डबे करून घर चालवले. चिमण्या थंडावल्या आणि मागे राहिली ती जमीन. गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन गिरण्यांकडे होती.

या जमिनीसाठी १९९१ मध्ये नियम झाला. गिरणीची जागा विकासाला काढली तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्या जागेवर बांधकामच नव्हते तेवढ्याच मोकळ्या तुकड्याची, असे ठरले. त्यामुळे मैदाने आणि परवडणारी घरे यांचा वाटा आटला. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. नियमातल्या एका शब्दाने शहराची रेघ कशी बदलते, हे आपल्या मुलांना शिकवावे असे उदाहरण आहे.

टॉवर बारीक आणि उंच का?

मग टॉवर आले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' उभा राहिला, उंची सुमारे २८० मीटर. वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर 'पॅले रॉयाल', सुमारे ३२० मीटर. दादरला कोहिनूर मिलच्या जागेवर 'कोहिनूर स्क्वेअर', सुमारे २०० मीटर. ताडदेवला २०१० मध्ये 'इम्पिरियल'चे जुळे टॉवर पूर्ण झाले होते, तेही झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जागेवर. १९६० च्या सुमारास कार्माइकल रोडवरची पंचवीस मजल्यांची 'उषाकिरण' लोक मान वर करून पाहत. आज ती गर्दीत शोधावी लागते. फिनिक्स मिलची चिमणी अजून आहे, पण ती मॉलच्या आवारात, शोभेला.

एका प्लॉटवर किती बांधकाम करायचे हे एफ.एस.आय. ठरवतो. त्यात निरनिराळ्या योजनांची भर पडते. जुन्या भाडेकरूंना फुकट घरे दिली, तर बिल्डरला विकण्यासाठी जादा बांधकाम मिळते. जागा तेवढीच, बांधकाम मात्र वाढले, तर इमारत वरच जाणार. गिरगाव, दादरसारख्या भागात प्लॉट लहान असतात. शेजाऱ्यापासून थोडे अंतर सोडले की इमारतीला रुंदी कमीच उरते. खालचे काही मजले गाड्यांच्या पार्किंगला जातात. शिवाय समुद्र दिसणाऱ्या वरच्या घराचा भाव खालच्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. या सगळ्यांतून सडपातळ टॉवर जन्माला येतो.

वर किती जायचे याला एक हद्द विमानतळ घालतो. विमानांच्या वाटेत इमारत येऊ नये म्हणून उंचीवर मर्यादा असते. म्हणूनच कुर्ला-सांताक्रूझकडे माथे बसके दिसतात आणि दक्षिणेकडे वरळी-परळला एकदम उसळतात. 'वर्ल्ड वन'चा पहिला आराखडा चारशे मीटरच्या वर होता, तोही या परवानगीमुळे खाली आला.

जगात यापेक्षाही बारीक टॉवर आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा 'स्टाइनवे टॉवर' ४३५ मीटर उंच, पण रुंदीच्या चोवीस पट. त्याच्या शेजारच्या भागात '४३२ पार्क अव्हेन्यू' ४२६ मीटर, रुंदीच्या पंधरा पट. तिथे शेजारच्या बुटक्या इमारतीचा न वापरलेला बांधकामाचा हक्क विकत घेता येतो आणि तो आपल्या प्लॉटवर रचता येतो. म्हणजे आभाळाचाच बाजार. हाँगकाँगला उतारावर सपाट जमीन कमी, म्हणून तिथे बांबूसारखे टॉवर उगवले. मुंबईचे टॉवर इतके बारीक नाहीत, पण वाट तीच आहे.

अशा टॉवरचा खरा शत्रू वारा. आपल्याकडे पोफळीचे झाड वाऱ्यात डोलते तसा उंच टॉवरही थोडा डोलतो. तो मोडत नाही, पण वरच्या माणसाला गरगरते. त्यावर उपाय म्हणून कुठे मध्ये मजले मोकळे ठेवतात, म्हणजे वारा आरपार जातो. कुठे माथ्याजवळ शेकडो टनांचे वजन बसवतात. इमारत एका बाजूला झुकली की ते वजन दुसऱ्या बाजूला ओढ देते. 'स्टाइनवे'मध्ये असे सुमारे आठशे टनांचे वजन आहे. म्हणजे उंची हे गणिताचे, पैशाचे आणि प्रामाणिक देखरेखीचे काम आहे. महाडच्या पाच मजल्यांना वारा आडवा आला नव्हता. तिथे देखरेखच कमी पडली.

एक आभाळ, दोन दारे

दुरून पाहताना सगळे टॉवर सारखे दिसतात. जवळ गेले की दोन जाती कळतात. एक विक्रीचा टॉवर, काचेचा, दारात हिरवळ. दुसरा पुनर्वसनाचा, अरुंद सज्जांवर कपडे वाळत घातलेले, तळाशी मुलांचा गलका. पुष्कळदा दोन्ही एकाच जागेवर, एकाच योजनेतले. आभाळात दोघे शेजारी, पण खाली दारे वेगळी, रस्ता वेगळा. जुन्या गावात वस्ती कुठे आणि गाव कुठे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता वरळीच्या बी.डी.डी. चाळींकडे या. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ वरळीला. तळ अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एका खोलीत गावाहून आलेले दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत. याच चाळींत जयंत्या झाल्या, अभ्यासवर्ग चालले. जानेवारी १९७४ मध्ये इथे दलित पँथरची सभा उधळली गेली, दंगल पेटली आणि मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला. या चाळींचा इतिहास म्हणजे आपल्या घरचा इतिहास.

त्या जागी म्हाडा चाळीस मजली इमारती उभारत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५०० ही फार मोठी गोष्ट आहे. घरात संडास आला, मुलीला अभ्यासाला कोपरा मिळाला, सुनेला आडोसा मिळाला. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला आधी विचारावे. टॉवर वाईट, चाळ चांगली, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण उंचीबरोबर नवे प्रश्न येतात. चाळीच्या लांब गॅलरीत म्हातारी बसली की सगळ्यांची विचारपूस होई. पोलादपूरकडची एक आजी तिसाव्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहून आली. सुनेने विचारले, "काय ओ आत्याबाई, कसं वाटलं वरती?" आजी म्हणाली, "बाय गो, पाऊस येताना दिसतो, पन मानूस येताना दिसत नाय." नवीन इमारतीत माणूस येताना दिसेल अशी जागा आपणच तयार करावी लागेल. समाजमंदिर, वाचनालय, महिला मंडळ यांसाठी तळमजल्यावरची जागा पहिल्या दिवसापासून मागून घ्यावी.

दुसरा प्रश्न उजेड-वाऱ्याचा. गोवंडी-मानखुर्द भागात पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या, की खालच्या घरांत दिवसा दिवा लावावा लागतो. तिथल्या वसाहतींच्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले, की उजेड आणि हवा कमी असलेल्या घरांत क्षयरोग जास्त आहे. म्हणजे मजल्यांच्या संख्येइतकेच दोन इमारतींमधले अंतर महत्त्वाचे. दुरून पाहणाऱ्याला ही फट दिसत नाही. आत राहणाऱ्याच्या छातीला ती कळते.

दादरच्या किनाऱ्यावरून

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या आपल्या माणसांनी वरळीच्या बाजूला पाहिले की समुद्राच्या कडेने टॉवरांची भिंत दिसते. चैत्यभूमीचा स्तूप त्या मानाने लहान आहे. १९७१ मध्ये तो बांधून झाला. त्याच्याजवळच इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाची योजना आहे. शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा, मिळून ४५० फूट. ही उंची थोडी नव्हे. तरी वरळीचा 'पॅले रॉयाल' एक हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे स्मारकाच्या दुपटीहून जास्त.

यात खंत करण्याचे कारण नाही. मोठेपणा फुटांत मोजायचा असेल, तर पोलादपूरच्या उशाशी असलेले महाबळेश्वर साडेचार हजार फूट उंच आहे, त्याच्यापुढे सगळेच टॉवर बुटके. त्या दिवशी लाखो माणसे येतात ती स्तूपाची उंची पाहून येत नाहीत. मात्र शहराची रेघ कोण काढते, हे पाहायला शिकले पाहिजे. आधी गिरणीमालकाने काढली, मग बिल्डरने काढली. राबणाऱ्याने ती बांधली, पण तिचा नकाशा त्याच्या हातात कधी आला नाही.

घर घेताना, घर मिळताना

आता महाड, पोलादपूर, माणगाव येथेही बिल्डरांचे फलक लागले आहेत. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली आहे. आपली छोटी गावेही वर चढणार. म्हणून घरातल्या कर्त्या स्त्री-पुरुषांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

घर बुक करण्याआधी मंजूर नकाशा पाहावा आणि तेवढेच मजले बांधले आहेत ना, हे मोजावे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहायला जाऊ नये. प्रकल्प महारेराकडे नोंदला आहे का, ते तपासावे. खांबांना भेगा, तळाशी ओल, भिंतींना पोपडे दिसू लागले तर सोसायटीने लगेच अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, रंग मारून झाकू नये. नदीकाठी पूररेषा कुठे आहे आणि डोंगरउतारावर माती कशी आहे, हे विचारायला लाजू नये.

टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी आगीच्या वेळी काय करायचे ते मुलांना शिकवावे. उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर आसरा घेण्याची मोकळी जागा राखून ठेवलेली असते. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. तिथे अडगळ ठेवू देऊ नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या एका साठ मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली आणि इमारतीचा सुरक्षारक्षक खाली पडून दगावला. आगीला श्रीमंत-गरीब कळत नाही, पण अशा इमारतींत पहाऱ्याला उभा असतो तो गरीबाचाच मुलगा.

तिसरी गोष्ट खर्चाची. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यांचे दिवे, आग विझवण्याची यंत्रणा यांचा खर्च दर महिन्याला येतो आणि तो मजल्यांबरोबर वाढतो. घर फुकट मिळाले तरी देखभाल फुकट नसते. हा बोजा न झेपल्याने कोणी घर विकून पुन्हा झोपडीत गेला, तर शंभर वर्षांची वाट वाया गेली. म्हणून सोसायटीच्या सभेला जावे, हिशेब मागावा, भगिनींनी समितीवर निवडून यावे. घराच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव घालावे.

आणि शेवटी गावाकडच्या नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला एक गोष्ट आग्रहाने सांगावी. महाडला मजले वाढू द्या, पुरातल्या माणसाला वर जायचे आहे. पण चवदार तळ्यावरचे आभाळ, पाले लेण्यांची डोंगररेघ आणि सावित्रीचे काठ मोकळे राहू द्या. हे नियमात लिहून घ्यायचे असेल तर विकास आराखडा जाहीर होताच हरकती आणि सूचना लेखी द्याव्या लागतात, मुदतीच्या आत. ते काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. अर्ज लिहिता येणारी मुले आता आपल्या घराघरांत आहेत.